काचेमागचे लुगडे कसे पाहावे

नऊवारी लुगड्याला शिवण नसते, बटण नसते, मापाची चिठ्ठी नसते. नेसणारीच्या अंगावर चढले की ते पोशाख होते आणि सोडून घडी घातली की पुन्हा अठरा हात कापड उरते. स्त्रियांच्या जुन्या वेशभूषेचे मराठी मुलखातील कोणतेही प्रदर्शन पाहताना पहिली अडचण येते ती हीच. युरोपातला जुना गाऊन शिवलेला असल्यामुळे तो पुतळ्यावर चढवला की मालकिणीची उंची, कमरेचा घेर, खांद्यांची ठेवण आपोआप दिसू लागते. आपल्याकडचे लुगडे मात्र काचेच्या कपाटात चौकोनी घडी होऊन पडलेले असते, शेजारी दीड ओळीची पाटी असते, आणि पाहणारा काठाच्या जरीवर एक नजर टाकून पुढच्या तलवारीकडे वळतो. कोल्हापुरात तर तलवारी, बंदुका आणि शिकारीतले वाघ यांच्याशी या बिचाऱ्या लुगड्याची स्पर्धा असते. त्या घडीतून ते नेसणारी बाई कशी शोधावी, त्यासाठी घरून कोणती तयारी करून निघावे आणि तिथे कशापुढे थांबावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

कुठे आणि कधी

कोल्हापुरात अशा पाहणीचे पहिले ठिकाण म्हणजे नवा राजवाडा. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेल्या या काळ्या दगडाच्या वाड्याचा आराखडा चार्ल्स मँट या स्थापत्यकाराने केला होता. वाड्याच्या तळमजल्यावरील श्रीमंत शहाजी छत्रपती संग्रहालयात राजघराण्याची वस्त्रे, दागिने, भरतकाम, शस्त्रे, हत्तीवरचे चांदीचे सामान अशा वस्तू आहेत. दुसरे ठिकाण म्हणजे भाऊसिंगजी रस्त्यावरचा टाउन हॉल, जो मँटनेच आखला आणि १८७२ ते १८७६ दरम्यान उभा राहिला. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरील उत्खननातून जन्मलेले संग्रहालय १९४९ पासून या इमारतीत आहे. तिथे वेशभूषेचा शोध कापडात घ्यायचा नसून शिल्पांत आणि कोल्हापूरच्या चित्रकारांच्या चित्रांत घ्यायचा असतो, हे लक्षात ठेवून गेल्यास निराशा होत नाही. यांखेरीज अधूनमधून भरणारी फिरती प्रदर्शने असतात, आणि खाली सांगितलेली पद्धत त्यांनाही तशीच लागू पडते.

सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून घ्यावी. नवरात्रात व दिवाळीच्या सुट्टीत अंबाबाईच्या दर्शनाला आलेली गर्दी दुपारनंतर नव्या राजवाड्याकडे वळते, म्हणून तेव्हा जाणे टाळावे. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जावे. पावसाळ्यात जायचेच असेल तर ओली छत्री दारातच ठेवावी, कारण जुन्या कापडाला माणसाच्या हाताइतकीच दमट हवेचीही बाधा होते.

निघण्यापूर्वीचा गृहपाठ

एका संध्याकाळी घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्क बाईंजवळ बसावे आणि त्यांना त्यांच्या सासूच्या कपड्यांविषयी विचारावे. त्यांच्या स्वतःच्या कपड्यांविषयी विचारले तर त्या 'आमचं काय, साधंच' म्हणून विषय संपवतात, पण सासूच्या लुगड्यांविषयी विचारले की रंग, काठ, किंमत, ते कोणत्या दुकानातून आले आणि कोणाच्या लग्नात कोणाला मिळाले इथपर्यंत सगळे निघते. या गप्पांत जे शब्द येतील ते लिहून घ्यावेत. लुगडे, पातळ आणि साडी हे तीन शब्द एकाच वस्तूचे नाहीत. लुगडे म्हणजे बहुधा मागावरचे, नऊवारी, जाड अंगाचे. पातळ म्हणजे गिरणीच्या तलम सुताचे, जे पुढे पाचवारीही झाले. साडी हा शब्द घरोघरी रुळला तो त्यानंतर. चोळी आणि झंपर यांतही असेच अंतर आहे. पुढे गाठ मारायची ती चोळी, आणि झंपर हा इंग्रजीतून आलेला शब्द ज्या कपड्याबरोबर आला तो बटणे-हुकांचा. संग्रहालयाच्या पाटीवर या सगळ्यांना सरसकट 'साडी' आणि 'ब्लाउज' म्हटलेले आढळते, तेव्हा आजीबाईंचे शब्द कामाला येतात.

दुसरा गृहपाठ थोडा कष्टाचा आहे. एकदा स्वतः, किंवा जाणत्या बाईंच्या मदतीने, न शिवलेले नऊवारी नेसून पाहावे, आणि पुरुष वाचकाने निदान कोणी नेसत असता घरच्या माणसाच्या परवानगीने क्रम समजून घ्यावा. कमरेला वेढा देऊन गाठ मारायची, मोठा भाग पदरासाठी फिरवून घ्यायचा, उरलेल्या मधल्या कापडाच्या निऱ्या करून पुढे खोचायच्या, आणि खालचा मधला काठ दोन्ही पायांमधून मागे नेऊन कासोटा घालायचा. पुढे खोचलेल्या निऱ्यांचा जो फुगवटा राहतो तो ओचा, आणि ओचा हा खेड्यातल्या बाईचा खिसाच होता. हे एकदा हाताखालून गेले की कोणत्या बाजूचा काठ जमिनीला लागतो, कोणता भाग मांड्यांमध्ये घासतो, कोणता भाग कमरेत दाबला जातो आणि कोणता डोक्यावर बसतो हे कायमचे समजते. काचेमागची घडी वाचण्याची किल्ली हीच आहे. हल्ली मिळणारी शिवलेली तयार नऊवारी या कामाला उपयोगी नाही. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही, ती सोयीची आहे, पण ती पायजम्यासारखी चढवली जात असल्याने नेसण्याविषयी काहीच शिकवत नाही.

वेळ असेल तर अंबाबाईच्या देवळाला बाहेरून एक सावकाश प्रदक्षिणा घालावी. भिंतीवरच्या स्त्रीमूर्तींच्या कमरेची वस्त्रे, मेखला आणि केशरचना पाहून ठेवल्या की न शिवलेल्या कापडाची आपली परंपरा किती मागे जाते याचा अंदाज येतो.

अंधार का असतो

दालनात शिरताच 'दिवे किती मंद आहेत' अशी तक्रार मनात येते. कापडासाठी संग्रहालयशास्त्रात साधारणपणे ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) मर्यादा मानतात, आणि घरातल्या चांगल्या दिव्याखालचा उजेड याच्या कितीतरी पट असतो. प्रकाशाने रंग उडतो, रेशमाचा धागा ठिसूळ होतो, आणि झालेले नुकसान साठत जाते. दिवा विझवला म्हणून धागा पूर्ववत होत नाही. म्हणून आत गेल्यावर दोन-तीन मिनिटे कशाकडेच न बघता उभे राहावे, डोळे सरावले की अंधारातून काठ वर येऊ लागतात. छायाचित्रास परवानगी आहे का ते दारावर विचारावे, आणि असली तरी फ्लॅश वापरू नये. त्यापेक्षा एक छोटी वही आणि शिसपेन्सिल न्यावी. शाईचे पेन बऱ्याच संग्रहालयांत वस्तूंजवळ चालत नाही, आणि काठाची नक्षी हाताने काढताना ती जितकी दिसते तितकी मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही. चाळिशीचा चष्मा विसरू नये. काचेला नाक लावल्याशिवाय धाग्याची वीण दिसत नाही हे खरे, पण काचेवर रेलू मात्र नये.

सगळे दालन पाहण्याचा हट्ट सोडून द्यावा. पाच वस्तू निवडाव्यात आणि प्रत्येकीपुढे दहा मिनिटे थांबावे.

लुगड्यासमोर

पाटी आधी वाचू नये. आधी काठ, मग अंग म्हणजे मधला मोठा भाग, मग पदर, मग घडीच्या रेषा असा क्रम ठेवावा आणि पाटी शेवटी वाचावी, म्हणजे पाटी लिहिणाऱ्याशी मनातल्या मनात वाद घालता येतो.

कोल्हापूरकडच्या जुन्या संग्रहांत इरकली लुगडे दिसण्याची शक्यता मोठी, कारण बागलकोट जिल्ह्यातले इलकल गाव आणि आपला मुलूख यांचा कापडाचा व्यवहार जुना आहे. खरे इरकली ओळखण्याची जागा म्हणजे अंग आणि पदर यांचा सांधा. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा तांबड्या रेशमाचा ताणा वेगळा असतो, आणि विणकर हे दोन्ही ताणे धाग्याच्या फासात फासा अडकवून मागावरच जोडतो. या पद्धतीला टोप-तेनी म्हणतात. प्रत्येक लुगड्यासाठी हा सांधा नव्याने घालावा लागत असल्याने सलग लांबच लांब कापड विणून नंतर तुकडे करण्याची सोय इथे नाही. घडीत पदराचा भाग वर ठेवला असेल तर हा सांधा एका बारीक ओळीसारखा दिसतो. तांबड्या पदरावरचे पांढरे पट्टे आणि देवळाच्या शिखरासारखे टोकदार दाते हीही त्याची खूण आहे. पदरावर कशिदा असेल तर तो कसुतीचा, म्हणजे कर्नाटकी भरतकामाचा, आहे का ते पाहावे. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके आहेत, त्यांतील गवंती आणि मुर्गी उलट्या-सुलट्या दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, आणि गाठ कुठेच मारलेली नसते. रथ, पालखी, हत्ती, गोपुर अशी चित्रे धागे मोजून काढलेली असतात, त्यामुळे वळणेसुद्धा पायऱ्यापायऱ्यांची असतात.

पैठणी असेल तर घडीचा उलटलेला कोपरा शोधावा. पदराची नक्षी रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेली असल्यामुळे अस्सल कामात मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते. मागे धाग्यांचे लोंबते जाळे दिसले तर ते यंत्राच्या किंवा जॅकार्डच्या मागावरचे काम समजावे. पैठणीविषयी इतके लिहिले आणि बोलले गेले आहे की इथे अधिक लिहिण्याची गरज वाटत नाही. इरकलीकडे लक्ष कमी जाते, म्हणून तिथे जास्त थांबावे असे माझे मत आहे.

जरीकडे पाहताना तिच्या चकाकीपेक्षा काळपटपणा पाहावा. जुन्या खऱ्या जरीत सोन्याचा मुलामा असलेली चांदीची चपटी तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली असे. मुलामा झिजला की चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. शंभर वर्षांपूर्वीचे म्हणून मांडलेल्या लुगड्याची जर कालच दुकानातून आणल्यासारखी लखलखत असेल, तर ते नंतर बदललेल्या काठाचे असू शकते. जुना काठ काढून नव्या कापडाला लावण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती.

रंगातूनही काळ वाचता येतो, पण बेताने. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आली. त्यापूर्वीचे रंग नीळ, मंजिष्ठा, आल, लाख, कुसुंबा अशा वस्तूंतून यायचे. भडक जांभळा किंवा राणी रंग दिसला तर कापड पेशवाईतले असल्याचा दावा जरा थांबून ऐकावा. फिकट गुलाबी दिसणारे वस्त्र एकेकाळी गडद कुसुंबी असू शकते, कारण तो रंग उजेडात फार लवकर उडतो. घडीच्या आतल्या थरात डोकावता आले तर मूळ रंग तिथे सापडतो. जुन्या छापील किंवा रंगवलेल्या कापडात काळ्या रेघा तेवढ्या खाल्ल्यासारख्या तुटलेल्या असतील तर तो कसरीचा दोष नसतो. लोखंड आणि हिरड्यासारखी तुरट वस्तू यांच्या संयोगातून केलेला काळा रंग धाग्यालाच हळूहळू खातो.

झिजलेली जागा

आता मुख्य काम. गृहपाठात शिकलेला नेसण्याचा क्रम आठवून घडीवर झिजेच्या खुणा शोधाव्यात. खालचा काठ एकाच बाजूला फाटला आहे का, म्हणजे ते पायघोळ नेसले जात होते की पोटरीवर? पदराच्या टोकाला सुरकुतलेली, ताणलेली जागा आहे का, जिथे किल्ल्या किंवा पैसे गाठ मारून ठेवले असतील? पदराच्या मध्यावर तेलाचा मंद डाग आहे का, जो डोक्यावरून घेतलेल्या पदराला केसांच्या तेलाने पडतो? हळदीचा पिवळा ठिपका असेल तर संग्रहालयाने तो धुऊन न टाकल्याबद्दल मनोमन आभार मानावेत.

आणि दंड शोधावा. लुगड्याचा मधला भाग विरला की तो कापून काढायचा आणि दोन्ही धड टोके शिवून पुन्हा सलग करायची, या जोडाला दंड म्हणत. दंड घातलेले लुगडे ही गरिबीची खूण मानली गेल्यामुळे ते कोणी अभिमानाने जपले नाही, म्हणून दालनात ते क्वचितच दिसते. दिसलेच तर दहाऐवजी वीस मिनिटे थांबावे, कारण तो शिवणीचा जोड शालूवरच्या मोरापेक्षा जास्त सांगतो.

संग्रहालयात जे उरले आहे ते का उरले, याचाही विचार इथेच करावा. रोजचे लुगडे विरले की त्याचे धडपे झाले, धडप्याचे फडके झाले, आणि बाकीचे वाकळेत गेले. जरीचे लुगडे विरले की काठ वितळवून चांदी काढणाऱ्याला विकले गेले, किंवा दारावर आलेल्या बोहारणीकडे एका पातेल्याच्या बदल्यात गेले. उरले ते लग्नातले, सणातले, मानपानातले, म्हणजे जे कमीत कमी नेसले गेले ते. आमच्या आजीची तीन इरकली लुगडी एकाच वाकळेत आहेत. एका कोपऱ्यात तांबड्या पदराची चतकोर पट्टी अजून ओळखू येते, आणि टोप-तेनीचा सांधा मला प्रथम समजला तो कोणत्याही कपाटापुढे नव्हे, त्या कोपऱ्यात बोट फिरवताना.

चोळीकडे दुर्लक्ष करू नये

लुगडे आणि चोळी या जोडीत शिवलेली वस्तू एकच, चोळी. म्हणून बाईचे माप हवे असेल तर ते चोळीतच मिळते. बाहीचा घेर आणि पाठीची रुंदी डोळ्यांनी मोजावी, आणि मग शिवणीच्या आतली माया, म्हणजे आत सोडलेले जादा कापड, पाहावी. शिंपी जेवढी माया सोडतो तेवढे कपड्याचे आयुष्य वाढते. माया उसवून चोळी सैल केलेली दिसली, जुन्या टाक्यांची छिद्रांची रांग नव्या शिवणीच्या शेजारी उरलेली दिसली, तर लग्नात दहा-बारा वर्षांची असलेली मुलगी त्याच चोळीत वाढली असण्याची शक्यता असते. टाका हाताचा की यंत्राचा हेही पाहावे. सिंगरचे पेटंट १८५१ चे आहे, तेव्हा एकसारख्या यंत्राच्या टाक्याची चोळी 'अठराव्या शतकातील' म्हणून मांडली असेल तर ती नंतर उसवून पुन्हा शिवली गेली का, असे नम्रपणे विचारावे.

चोळीचे कापड बहुधा खणाचे असते. बागलकोट जिल्ह्यातल्याच गुळेदगुड्डचा खण आपल्याकडे ओटीत आणि चोळीत पिढ्यान्पिढ्या आला. बारीक बुट्ट्यांचा हा खण त्रिकोणी घडीत विकला जातो, आणि त्याचा काठ बाहीच्या टोकाला कसा बसवला आहे यावरून शिंप्याचा हात कळतो. दोन्ही बाह्यांवर काठ समान उंचीवर आला असेल आणि कापड वाया न घालवता बुट्ट्या जुळवल्या असतील, तर त्या अनामिक कारागिराला दाद द्यावी.

विसाव्या शतकाच्या कपाटाकडे वळताना दोन सनावळ्या हाताशी असाव्यात. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला आणि कोल्हापुरात शाहू मिलची स्थापना १९०६ मध्ये झाली. त्यानंतरच्या काही दशकांत सकच्छ नेसण्याकडून कासोट्याविना 'गोल' नेसण्याकडे, आणि नऊवाराकडून पाचवाराकडे शहरी घरे सरकली. हा बदल काचेमागे दिसत नाही, कारण घडी दोन्हींची सारखीच असते. म्हणून पाटीवर लांबी दिली आहे का ते पाहावे. साधारण सव्वाआठ मीटर असेल तर नऊवार समजावे.

चित्रे आणि छायाचित्रे वाचताना

जुन्या छायाचित्रात नेसण कळते, पण रंग फसवतात. सुरुवातीच्या छायाचित्रणाच्या काचा निळ्या प्रकाशाला फार आणि लाल प्रकाशाला जवळजवळ मुळीच दाद देत नसत, त्यामुळे लाल लुगडे काळे उमटते आणि निळे फिकट. काळी चंद्रकळा नेसलेली वाटणारी नवरी प्रत्यक्षात लालभडक वस्त्रात उभी असू शकते. मागचा खांब, पडदा आणि फुलदाणी स्टुडिओतली आहे हे आपण ओळखतो, पण अंगावरचा एखादा दागिनाही त्या दिवसापुरता मागून आणलेला असू शकतो, हे विसरतो.

छायाचित्र कसे वाचावे याचा एक नमुना कोल्हापूरशी जोडलेला आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचे ठरवले. १८८५ सालचे त्यांचे फिलाडेल्फियातील छायाचित्र प्रसिद्ध आहे, ज्यात त्या एका जपानी आणि एका सीरियन विद्यार्थिनीशेजारी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. तो 'देशी वेष' म्हणून पाहिला जातो, पण एका मराठी बाईने थंडी, संकोच आणि परक्या समाजाची नजर यांचा हिशेब करून निवडलेली ती नेसण आहे. १८८६ मध्ये कोल्हापूर संस्थानाने त्यांची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर नेमणूक केली, पण कामाला लागण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या वारल्या. ते रुग्णालय म्हणजे आजचे छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालय. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभे राहिले की ते समोरच दिसते.

चित्रांबाबत आणखी एक सावधगिरी बाळगावी. महाराणी ताराबाईंचा काळ १६७५ ते १७६१ चा, आणि कावळा नाक्यावरचा त्यांचा अश्वारूढ पुतळा विसाव्या शतकातला. शिल्पकाराने किंवा चित्रकाराने जुन्या राणीला जी नेसण, जो पदर आणि जे दागिने दिले असतील, त्यांत त्याच्या स्वतःच्या काळातल्या बायकांचा वाटा मोठा असतो. आपले कोल्हापूर तर चित्रपटांचे गाव. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. ऐतिहासिक पोशाख म्हणून आपल्या डोळ्यांत जे बसले आहे ते बरेचसे पडद्यावरून आले आहे, आणि काचेमागचे मळकट, जाडसर, काठ विरलेले खरे वस्त्र म्हणूनच आपल्याला 'कमी ऐतिहासिक' वाटते.

दागिने

दागिन्यांपुढे गर्दी असतेच, तेव्हा तिथे थोडक्यात आटोपावे, पण एक युक्ती करावी. मखमलीवर ओळीने मांडलेले दागिने मनातल्या मनात गळ्यावर चढवावेत. गळ्याला घट्ट ठुशी किंवा चिंचपेटी, तिच्याखाली साज, त्याखाली लांब मोहनमाळ किंवा पुतळ्यांची माळ, असे थर लावले की चोळीचा गळा तसाच का बेतला होता हे उमगते. कोल्हापुरी साजाची पाने मोजावीत. परंपरेने ती एकवीस मानतात, दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एक तावीज. साजातले पोकळ मणी आत लाखेने भरलेले असतात, म्हणून दिसायला भरघोस असूनही सोने बेताचे लागते. मागची दोरी पाहायला विसरू नये. सोने सोनाराचे असले तरी ते गळ्यात बसवणारा हात पटवेकऱ्याचा, आणि गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात, हे काम अजून पाहायला मिळते. चांदीचे तोडे, वाळे, जोडवी असतील तर चांदीकामाच्या हुपरी गावाची आठवण काढावी आणि वजनाचा अंदाज करावा. एवढे वजन पायात घेऊन कोण, किती आणि कुठपर्यंत चालत होते?

जी तिथे नसते

राजघराण्याच्या संग्रहात राजघराण्याचीच वस्त्रे असणार, यात तक्रार करण्याजोगे काही नाही. तरी दालनातून बाहेर पडण्यापूर्वी, इथे कोणाचे कपडे नाहीत, असे स्वतःला विचारावे. केशवपन केलेल्या विधवेचे तांबडे आलवण काचेमागे फार क्वचित दिसते, कारण ते जपावे असे कोणालाच वाटले नाही. शेतात भांगलणाऱ्या बाईचे गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे वाकळेत गेले. आणि काही जणींना तर हवे ते नेसण्याची मुभाच नव्हती. महाड येथे डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांना सांगितले की, जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे ते जड दागिने टाकून द्या आणि लुगडे पायघोळ नेसा. लुगडे घोट्यापर्यंत की पोटरीपर्यंत, हा प्रश्न त्या बायकांच्या लेखी फॅशनचा नव्हता. काठ कुठे झिजला आहे ते पाहा असे वर म्हटले, त्यामागे हेही एक कारण आहे.

दालनात माहिती देणारे कोणी असेल तर त्यांना मोजके प्रश्न विचारावेत: हे वस्त्र संग्रहालयात कोणाकडून आले, ते नेसणारीचे नाव ठाऊक आहे का, याची पूर्ण लांबी आणि पन्हा किती, ते शेवटचे उलगडले कधी, आणि घडी बदलतात का. शेवटच्या प्रश्नाने चांगल्या अभिरक्षकाचा चेहरा खुलतो, असा माझा अनुभव आहे.

घरी परतल्यावर

त्याच दिवशी, लिहिलेले ताजे असताना, घरातली जुनी लुगडी काढावीत. प्लास्टिकच्या पिशवीत असतील तर आधी ती बाहेर काढावीत, कारण आत कोंडलेला दमटपणा जरीला आणि रेशमाला दोन्हींना मारतो. खळ धुऊन काढलेल्या मांजरपाटात किंवा मलमलीत गुंडाळून ठेवावे, लोखंडी टाचणी लावू नये, डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत, आणि कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी कापडापासून दूर ठेवावी. दर तीन-चार महिन्यांनी घडी उलगडून वेगळ्या रेषेवर घालावी, नाहीतर कापड घडीवरच तुटते. डाग काढण्याचा उत्साह आवरावा.

मग एका जाड कागदाच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहावे: लुगडे कोणाचे, माहेर कोणते, कोणत्या प्रसंगी कोणी घेतले, ते कोणत्या पद्धतीने नेसले जाई, पदर डोक्यावरून असे की खांद्यावर, दंड आहे का. सांगणाऱ्या बाईचे नाव आणि लिहिल्याची तारीख घालावी. पट्टी कापडाला टाचू नये, मांजरपाटाच्या घडीत वरच ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी गाठोडे सोडणाऱ्याच्या हाती ती आधी लागते.